एकशे तीस, खाली ऐंशी

डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा फुगवला. मग स्टेथोस्कोप कानांतून काढत म्हणाले, "दोनशे वीस, खाली एकशे तीस. हायपरटेन्शन आहे सिस्टर, आणि त्यातूनच हा स्ट्रोक आलाय."

हायपरटेन्शन म्हणजे रक्तदाब कायम चढलेला असणं. स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटणं. त्यालाच पक्षाघात म्हणतात. मी त्याच इस्पितळात चौदा वर्षं नर्स होते, हे शब्द मला नवे नव्हते. टेबलावर निजलेली बाई मात्र माझी आत्या होती. तिचा उजवा हात टेबलावरून खाली लोंबत होता. तो उचलून मी तिच्या पोटावर ठेवला.

"याआधी प्रेशर कधी पाहिलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार महिन्यांपूर्वी. एकशे तीस, खाली ऐंशी."

डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

तो आकडा मी मोजलेला नव्हता. कुणीच मोजलेला नव्हता. नऊ वर्षं मी हे आत्याखेरीज कुणापाशी बोलले नाही. आता लिहिते आहे, कारण तुमच्या घरच्या औषधांच्या डब्यातही असा एखादा कागद असू शकतो. आणि वाचणाऱ्यांत कुणी नर्स असेल, तर तिच्या हातूनही असा कागद लिहिला जाऊ शकतो. मी काही वाईट नर्स नव्हते.

आम्ही कुंभकोणमचे. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा इकडे आलेल्या घरांपैकी एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझं मराठी पुस्तकं वाचून आणि पुण्याला शिकणाऱ्या मुलीच्या धाकानं थोडंफार तुमच्यासारखं झालंय. आत्याचं जसं होतं तसंच आहे.

ती माझ्या वडिलांची सख्खी बहीण. तिच्याच मुलाला मला दिली. आमच्यात तशी रीत आहे. त्यामुळे ती सासू झाली तरी माझ्या तोंडी आत्याच राहिली. लग्नानंतर माझ्या नोकरीचा विषय निघाला, तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "शिकलीस ते घालवू नक्को. चूल मी पाहते." तिची अट एकच. इस्पितळातून आल्यावर न्हाल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही. आणि ती सोवळ्यात असेल त्या दिवशी न्हाऊनही नाही.

पद्मा झाली, मोठी झाली, शाळेत गेली, ते सगळं आत्याच्या कडेवरून आणि तिच्या हातच्या भातावर. मी ड्यूटीवर असायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा इस्पितळानं आम्हा सहा जुन्या नर्सना एका खास प्रशिक्षणाला घातलं. तिरुनागेश्वरम्, तिरुप्पनंदाळ अशा गावांत आठवड्यातून एकदा प्रेशरची तपासणी सुरू करायची होती, आणि तिथे दर वेळी जायला डॉक्टर नव्हते. तेव्हा रोग्याची विचारपूस, तपासणी, गोळ्यांवर देखरेख हे नर्सनंच करायचं आणि अडलं तर डॉक्टरांकडे पाठवायचं, अशी योजना. अशा नर्सला आता नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात असं पद्मा सांगते. आम्हाला तेव्हा नाव नव्हतं. बाकीच्या नर्स आम्हाला 'अर्ध्या डॉक्टरीणबाई' म्हणायच्या, आणि ते कौतुकानं नव्हतं.

शिकवायला फिलोमिना सिस्टर होत्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, खडू संपेपर्यंत न बसणाऱ्या. पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला मशीनला हात लावू दिला नाही. नुसती हिस्टरी टेकिंग. म्हणजे रोग्याला विचारून विचारून त्याच्या दुखण्याची हकीकत पहिल्यापासून लिहून घेणं. कधीपासून, कशानं वाढतं, घरात आणखी कुणाला, मीठ किती, झोप किती, आधी कधी तपासलं होतं आणि तेव्हा आकडा किती होता.

आम्ही जोड्या करून सराव करायचो. एक नर्स, एक रोगी. माझी जोडीदार सेल्वी. रोगी व्हायची पाळी आली की तिच्या अंगात यायचं.

"तुम्हाला काय त्रास होतो?" मी विचारायचे.

"मला काही होत नाही हो. त्रास नवऱ्याला होतो. माझा."

सगळ्या हसायच्या. फिलोमिना सिस्टर हसायच्या नाहीत. "हे उत्तर तुम्हाला तिरुप्पनंदाळला खरंच मिळणार आहे," त्या म्हणायच्या. "पुढचा प्रश्न काय?"

त्यांनी शिकवलेलं अजून जसंच्या तसं आठवतं. औषध घेता का, असं विचारायचं नाही. लोक 'नाही'च म्हणतात. काल सकाळपासून निजेपर्यंत काय काय गिळलंत, असं विचारायचं. गोळ्या वेळेवर घेता का, असंही नाही. गेल्या आठवड्यात किती दिवस राहून गेल्या, असं. म्हणजे राहून जातात हे आम्हाला ठाऊक आहे, एवढं त्या माणसाला कळतं आणि तो खरं बोलतो.

लिहिण्याचे नियम दोन. जे पाहिलं नाही त्याचा चौकोन रिकामा ठेवायचा आणि शेजारी कारण लिहायचं. आणि चुकीचं लिहिलं गेलं तर खोडरबर नाही, गिरवणं नाही. त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी 'चूक' लिहायचं, तारीख घालायची, सही करायची.

त्या वर्गात सर्वांत चांगली हिस्टरी माझी असायची. हे मी स्वतःची शेखी मिरवायला सांगत नाही. त्याचा पुढे संबंध आहे.

प्रत्येकीनं दहा पत्रकं भरून द्यायची होती. नऊ वॉर्डातल्या रोग्यांची. दहावं घरच्या माणसाचं: वय पन्नासच्या वर, कधीही प्रेशर न तपासलेलं. त्यासाठी मशीन आठवडाभर घरी न्यायला मिळायचं. मी आत्याचं नाव लिहून टाकलं. तिचं वय तेव्हा बासष्ट.

पहिले दोन दिवस मला दुपारची ड्यूटी होती. तिसऱ्या दिवशी मामंजींच्या आईचं श्राद्ध होतं. आणि पत्रक चौथ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं.

श्राद्धाच्या दिवशी आत्या पहाटेपासून सोवळ्यात. ओल्या वस्त्रानं स्वयंपाकाला लागायची, आणि ब्राह्मण जेवून उठेपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही, पोरानंसुद्धा नाही. मशीनचा पट्टा सुती कापडाचा. शेकडो दंडांवर चढलेला, इस्पितळातून आलेला. तो तिच्या अंगाला लावायचा प्रश्नच नव्हता. तरी मी पत्रक घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसले.

"आत्या, तुला काही विचारायचंय. शाळेचा अभ्यास आहे."

"विचार की. अस्कं विचार. पण तिथूनच."

'अस्कं' म्हणजे आमच्या बोलीत सगळं. ती वडे थापत होती. मी विचारत गेले, ती पाठमोरी उत्तरं देत गेली. डोकं दुखतं का? "कुणाचं दुखत नाही?" झोप लागते का? "पडले की लागते." काही औषध घेतेस का? "मी कशाला औषध घेऊ, मी काय म्हातारी आहे?"

बघा, मी विचारलं होतं 'औषध घेतेस का'. वॉर्डात नऊ अनोळखी माणसांना मी नीट विचारलं होतं. घरच्या माणसाला विचारताना वाटलं, हिचं मला सगळं माहीतच आहे. निम्म्या प्रश्नांची उत्तरं तर मी न विचारताच लिहिली.

"आणि ते फुगवायचं?" तिनंच विचारलं. मी मशीन आणलंय हे तिला माहीत होतं.

"संध्याकाळी पाहू."

"हं. संध्याकाळी मी मोकळी आहे."

दोन वाजता मी ड्यूटीवर गेले. दिवे लागायच्या वेळेला परत आले तर आत्या चटईवर गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, हाताला पिठाचा वास. पहाटेपासून उभी होती ती. तिला उठवावंसं वाटलं नाही. हे खरं आहे. पण सकाळी वर्गात उभं राहून 'दहावं पत्रक अपुरं आहे' असं म्हणावंसं वाटलं नाही, हेही खरं आहे. 'रोगी सोवळ्यात होता' असं कारण लिहिलं असतं तर सेल्वीनं ते महिनाभर पुरवून पुरवून वापरलं असतं.

मी आकडा लिहिला. एकशे वीस, ऐंशी लिहायचं नाही हे मला कळत होतं. घरी बसून भरणारी प्रत्येक नर्स तेच लिहिते. म्हणून एकशे तीस.

फिलोमिना सिस्टरांनी पत्रकावर लाल शाईनं लिहिलं: फार छान. संपूर्ण.

मशीन त्यानंतर तीन दिवस आमच्या कोनाड्यात होतं. रोज जाता-येता दिसायचं. दंडाला पट्टा बांधायला तीन मिनिटं लागतात. मी बांधला नाही. वेगळा आकडा आला असता तर काय केलं असतं, हा विचार मनात येई, आणि मी दुसऱ्या कामाला लागे. आत्यानंही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "तुझं ते फुगवायचं राहिलं की." मी म्हणाले, "अभ्यास झाला तो."

पुढचं तुम्हाला विचित्र वाटेल. काही आठवड्यांनी मलाच तो आकडा खरा वाटायला लागला. दिवाळीच्या सुमाराला आत्या म्हणू लागली, सकाळी उठताना मान आणि डोक्याची मागची बाजू जड होते, सुईत दोरा ओवताना अक्षरशः दोन सुया दिसतात. सकाळचं, मागच्या बाजूचं डोकं दुखणं. मी हे वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं होतं. आणि मी तिला म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला असेल, तुझं प्रेशर तर चांगलं आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं. नवीन चष्मा करून आणला.

त्या चष्म्याला तीन आठवडे झाले नसतील. एका सकाळी कॉफीचा डबरा, म्हणजे कॉफीची पितळी वाटी, तिच्या हातातून सुटला, आणि खाली वाकून उचलायला गेली ती उठलीच नाही.

इस्पितळातल्या पहिल्या दोन दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सलाईन, दर तासाला प्रेशर, बाहेरच्या बाकावर मामंजी आणि माझा नवरा. ज्यांच्या घरी हे घडलंय त्यांना तो बाक माहीत आहे. नर्सलाही त्याच बाकावर बसावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टर मात्र बुचकळ्यात पडले होते. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख, त्यात हृदयाची भिंत जाड झाल्याची खूण होती. बरीच वर्षं प्रेशर चढलेलं असलं की असं होतं. "पण चार महिन्यांपूर्वी तर उत्तम होतं," ते म्हणाले. त्यांनी फिलोमिना सिस्टरांकडून माझी फाईल मागवली. पत्रक वाचलं. लाल शाईतला शेराही वाचला. "आलेख म्हणतो दुखणं जुनं आहे, कागद म्हणतो नवं आहे. तुमची नोंद आहे म्हणून मी कागदाचं ऐकतो."

मी तिथेच उभी होते. हातभर अंतरावर.

तिसऱ्या दिवशी आत्यानं डोळे नीट उघडले. डॉक्टरांनी तमिळमध्ये नाव विचारलं. उत्तर नाही. हात वर करा म्हणाले. ती नुसती पाहत राहिली. डॉक्टर म्हणाले, "अफेझिया. बोलणं आणि समजणं दोन्ही गेलेलं दिसतंय."

मी वाकून म्हणाले, "आत्या, डोकं दुखतंय काय गे?"

"दुखतं," ती म्हणाली. जड जिभेनं, पण स्पष्ट.

तमिळ गेलं होतं. पन्नास वर्षं बाजारात, देवळात, शेजारणींशी बोललेलं तमिळ पुसून गेलं होतं, आणि घरातलं मराठी शिल्लक होतं. डॉक्टर म्हणाले, दोन भाषांच्या माणसात असं क्वचित होतं, पुढे भरूनही येतं. तुमच्या घरी असं झालं तर एवढं लक्षात ठेवा. माणूस उत्तर देत नाही म्हणजे त्याला कळत नाही, असं धरून चालू नका. त्याच्या आईच्या भाषेत विचारून पाहा.

मग डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, यांचं तोंड आता तुम्ही. हिस्टरी पहिल्यापासून पुन्हा घ्या. मी लिहितो."

मी स्टूल ओढून बसले. या वेळी शिकवल्याप्रमाणे विचारलं. आत्या, पहाटेपासून निजेपर्यंत काय काय गिळायचीस? ती एकेक शब्द शोधत सांगत गेली. गुडघ्यांसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या गोळ्या. सकाळी एक, निजताना एक. दोन वर्षं. डोक्यासाठी पुडी. दहीभाताबरोबर खारवून वाळवलेलं नारत्तंगाय, म्हणजे जाड सालीचं मोठं लिंबू, दोन्ही वेळा. दुखणं मारणाऱ्या गोळ्यांनी प्रेशर चढतं, मूत्रपिंडांनाही इजा होते. मिठाचं तर सर्वांना माहीत आहे. हे सगळं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मी तमिळ करून सांगत होते आणि डॉक्टर लिहीत होते.

मग त्यांनी खूण केली. शेवटचा प्रश्न.

"आत्या, याआधी तुझं प्रेशर कधी पाहिलं होतं?"

तिनं मान माझ्याकडे वळवली. "तू कुठे पाहिलंस," ती म्हणाली. "मी सोवळ्यात होते."

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

त्या खोलीत मराठी कळणाऱ्या दोघीच होतो, आणि त्यांतली एक आता तमिळ बोलू शकत नव्हती. मी म्हणाले, "आठवत नाही म्हणतात."

पहिला आकडा दमलेल्या बाईनं लिहिलेला होता, असं मी मनाला कधीकधी समजावते. या वाक्याला तशी काही सोय नाही.

त्यामुळे काय झालं तेही सांगते. साठीच्या बाईचं प्रेशर चार महिन्यांत एवढं चढलं असेल तर मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल, असा डॉक्टरांचा तर्क होता. कागद खरा धरला तर तर्क बरोबरच होता. म्हणून तीन आठवड्यांनी आत्याला तंजावरच्या मोठ्या इस्पितळात आय.व्ही.पी. करायला पाठवलं. त्यात शिरेतून औषध सोडतात आणि ते मूत्रपिंडांतून जाताना एकामागून एक एक्स-रे काढतात. आदल्या दिवशी एरंडेल. रात्रभर पाणीसुद्धा नाही. अर्धं अंग गेलेल्या बाईला गाडीत घालून तंजावर. औषध आत गेलं तसं तिच्या अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या. एक्स-रेच्या थंड टेबलावर ती माझा हात डाव्या हातानं घट्ट धरून होती. "झालं काय? झालं काय गे?" एवढंच विचारत होती.

मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत काही निघालं नाही. निघणार नव्हतंच. केसपेपरवर शेवटी लिहिलं गेलं: अचानक उद्भवलेला उच्च रक्तदाब, कारण अज्ञात.

परतताना गाडीत मी म्हणाले, "आत्या, मी पाहिलं नव्हतं."

"ठाऊक आहे मज," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. पापनाशम् आलं तेव्हा डोळे न उघडताच विचारलं, "परीक्षेत पास झालीस ना?"

झाले होते. पहिली आले होते.

डिसेंबर संपता संपता ती काठी धरून उभी राहिली. आधी पलंगापासून दारापर्यंत, मग अंगणापर्यंत. व्यायाम घ्यायला पद्मा असायची. दहा वर्षांची पोर आजीला 'एक, दोन' म्हणत दरडावायची. गोळ्या तीन प्रकारच्या, आयुष्यभरासाठी. नारत्तंगायची बरणी शेजारी गेली. आत्या चार दिवस आमच्याशी नीट बोलली नाही ती त्या बरणीमुळे, पक्षाघातामुळे नव्हे.

तमिळही हळूहळू परत आलं. आधी भाज्यांची नावं, मग देवांची, मग शिव्या. पोंगलनंतर डॉक्टरांकडे तपासायला गेलो तेव्हा ते आत्याशी सरळ तमिळमध्ये बोलू लागले. तिच्या तोंडून सगळं पुन्हा ऐकायचं होतं त्यांना. मी भिंतीला टेकून उभी होते. गोळ्या, पुड्या, मीठ, सगळं ती सांगत गेली. मग त्यांनी विचारलं, आधी प्रेशर पाहिलं होतं, ते आता आठवतं का?

आत्यानं माझ्याकडे मान केली. "माझी सून नर्स आहे," ती तमिळमध्ये म्हणाली. "तिलाच विचारा."

डॉक्टर हसले. "त्यांनाच विचारलंय," म्हणाले, आणि पान उलटलं.

ती माझ्यासाठी दार उघडून उभी होती, हे मला त्याच क्षणी कळलं. मी आत गेले नाही.

त्यानंतर आठ वर्षं मी गावोगावच्या तपासणीला जाते आहे. सोमवारी तिरुनागेश्वरम्, गुरुवारी तिरुप्पनंदाळ. देवळाच्या मंडपात टेबल मांडून बसते. प्रत्येकाचं प्रेशर दोनदा मोजते, पाच मिनिटं बसवून. लोक कंटाळतात. सोवळ्यातल्या बायका येतात. त्यांना सांगते, बाई, तुमच्या धूतवस्त्राची पट्टी आणा, ती आधी दंडाला गुंडाळू, वर माझा पट्टा. आकड्यात एखाद-दुसऱ्या अंकाचा फरक पडत असेल, तोही शेजारी लिहिते. हे इतकं सोपं होतं. श्राद्धाच्या दिवशी मला सुचलं नाही, कारण मी सुचूच दिलं नाही. मी फार काटेकोर आहे असं लोक म्हणतात. नव्या मुलींना माझी पत्रकं नमुना म्हणून दाखवतात. ते ऐकताना मी खाली पाहते, आणि लोकांना तो विनय वाटतो.

गेल्या महिन्यात पद्मा पुण्याहून सुटीला आली. तिचं नर्सिंगचं दुसरं वर्ष. बॅगेतून मशीन काढलं आणि छापील पत्रक. म्हणाली, "आई, उच्च रक्तदाबाची एक पूर्ण हिस्टरी घरच्या माणसाची आणायला सांगितलीय. मी आजीची घेते."

आत्या आता एकाहत्तरची. खुर्चीत बसली होती, उजवा हात मांडीवर. "विचार," म्हणाली. "आता मी कुठे सोवळ्यात आहे?"

पद्माला त्यातलं काही कळलं नाही. ती एकेक विचारत गेली. चांगलं विचारते. घाई करत नाही, आणि उत्तर आपण होऊन पुरवत नाही. मी दाराशी शेंगा सोलत बसले होते.

"आजी, स्ट्रोकच्या आधी कधी प्रेशर तपासलं होतंस? तेव्हा किती होतं?"

आत्यानं काठीनं माझ्याकडे दाखवलं. "तुझ्या आईला विचार."

पुन्हा तेच विचारलं जात होतं मला. शेंगांचं ताट मी बाजूला ठेवलं. म्हणाले, "तपासलं नव्हतं." मग वाटलं, एवढ्यावर थांबले तर हेही अर्धंच उत्तर होईल. मी सगळं सांगितलं. उंबरा, वडे, कोनाड्यातलं मशीन, चष्मा, 'आठवत नाही म्हणतात', तंजावरचं टेबल. फार वेळ लागला नाही. नऊ वर्षं जे आवळून धरलं होतं ते वीसेक मिनिटांत सांगून झालं.

पद्मा पेन हातात धरून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहीत नाही. ते तिचं आहे. तिनं विचारलं, "मग इथे काय लिहू?"

"चौकोन रिकामा ठेव. शेजारी लिही, मोजलं गेलं नाही."

"कारण?"

"कारण मी," मी म्हणाले.

आत्या म्हणाली, "पोरीला त्रास देऊ नक्को. कारण लिही, घरी श्राद्ध होतं."

आम्ही तिघी हसलो. पद्मा जरा उशिरा हसली.

मग मी ट्रंकेतून माझी जुनी फाईल काढली. प्रशिक्षण संपल्यावर ती मला परत मिळाली होती. दहावं पत्रक. लाल शाई थोडी उडाली आहे, पण वाचता येते. एकशे तीस, खाली ऐंशी. त्यावर मी एक सरळ रेघ मारली, खालचं दिसेल अशी. शेजारी 'चूक' लिहिलं, आजची तारीख घातली, सही केली. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते आता म्हातारे झालेत. त्यांनी तो दोनदा वाचला, आत्याचा जुना केसपेपर मागवला, आणि 'अचानक उद्भवलेला' या शब्दांवर त्यांनीही एक रेघ मारली. मला म्हणाले, "आलेख खरं बोलत होता. मी त्याचं ऐकायला हवं होतं." मग म्हणाले, "तुम्हीही सांगायला हवं होतं." मी हो म्हणाले.

तेव्हा पाहिलं असतं तर किती भरलं असतं, हे आता कुणालाच कळणार नाही. कदाचित एकशे नव्वद. कदाचित आत्याचा उजवा हात आज वडे थापत असता. खोडलेल्या आकड्याशेजारी लिहायला माझ्याजवळ दुसरा आकडा नाही. आत्या मला रागानं काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. तिनं बोलण्याची पाळी दर वेळी मला दिली, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे, हे उशिरा कळलं.

पद्मा परत जाण्याच्या आदल्या दिवशी आत्यानं डावा हात पुढे केला. "चला, फुगवा."

पद्मानं पट्टा बांधला. पाच मिनिटं आम्ही गप्प बसलो. मग तिनं एकदा मोजलं आणि स्टेथोस्कोप माझ्याकडे दिला. मीही मोजलं. दोघींचा आकडा एकच आला. एकशे शेहेचाळीस, खाली अठ्ठ्याऐंशी.

या वयाला थोडा जास्तच आहे. गोळी वाढवावी लागेल. पद्मानं तो लिहून घेतला.